कानाचं मशीन, दहा महिन्यांनंतर : बोलणं पहिल्याच दिवशी आलं, हशा यायला मार्च उजाडला

दुरुस्तीला दिलेलं उजव्या कानाचं मशीन परवा परत आलं. घरी येऊन पुलंच्या ‘अंतू बर्वा’ची कॅसेट लावली आणि दोन मिनिटांत कळलं की हशा पुन्हा गेला. पुलंचा आवाज आहे, शब्द न् शब्द आहे, पण त्यांच्यासमोर जणू कोणी बसलेलंच नाही. मशीन जिथून घेतलं त्या सेंटरला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘‘काका, मशीन कंपनीत गेलं होतं ना, तिकडे रीसेट झालं असेल.’’ मार्चमध्ये चार खेपा घालून बसवून घेतलेलं सेटिंग पुसलं गेलं आणि मशीन हातात देताना एका शब्दानं सांगितलं नाही. संताप झाला. त्याच संतापात हे लिहायला बसलोय.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही अडचण एका कंपनीपुरती नाही. कानामागे बसणारं, बारीक वायरीचं, सेलवर चालणारं मशीन आहे. दोन्ही कानांचे मिळून १ लाख ३८ हजार गेले. चॅनेल किती, ॲप कसं, हे माहितीपत्रकात असतंच. तिथे नसतं ते सांगतो.

नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात, ३१ वर्षं काढली. कानाची तपासणी झाली तेव्हा आलेख ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजापाशी, विहिरीत उतरावा तसा खाली गेलेला दिसला. सततच्या मोठ्या आवाजानं खराब झालेल्या कानाची ती खूणच असते. अशा माणसाला आवाज येतो, पण स, श, फ, थ यांसारखी बारीक व्यंजनं गळून पडतात. ‘सांगतो’चं ‘आंगतो’ होतं. गद्य ऐकणाऱ्याची यात फार नासाडी होते. गाण्यात शब्द गेला तरी सूर उरतो. वाचनात शब्द गेला तर काहीच उरत नाही.

आणि आमच्या घरात वाचन ऐकायची जुनी सवय. लग्नानंतर पहिला टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा मेनरोडवरून पुलंच्या कॅसेट आणल्या. शनिवारी रात्री मुलं झोपली की मी आणि सौ. स्वयंपाकघरात बसून ऐकायचो, आवाज बारीक करून. पाठ झालेले लेख होते, तरी हसायचो. पुस्तकं घरात होतीच. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याची आमची प्रत शिवण उसवेपर्यंत वाचलेली आहे. पण छापलेला अंतू मी माझ्या आवाजात वाचतो आणि माझा आवाज घाटावरचा. पुलं वाचतात तेव्हा रत्नागिरीचा हेल येतो, नाकातला सूर येतो आणि त्या तिरकस बोलण्याच्या मागे बसलेलं एकटेपण ऐकू येतं. वाक्य तेच असतं. स्वल्पविराम किती लांब धरायचा हे ज्यानं लिहिलं त्यालाच ठाऊक असतं. त्यात हा लेखक आकाशवाणीत नोकरी केलेला, पेटीवर बसणारा, त्यामुळे थांबण्याचं वजन तो जाणतो.

मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांचं कथाकथनही मला प्रिय आहे, पण तिथे गोष्ट ऐकणाऱ्याला धरून ठेवते, पुढे काय झालं म्हणून आपण कान देतो. लेख वाचणाऱ्याकडे तो आधार नसतो. ‘बिगरी ते मॅट्रिक’मध्ये एक माणूस स्वतःच्या शाळेबद्दल बोलतोय, एवढंच. सगळी भिस्त आवाजावर. म्हणून माझ्या मते कानाच्या मशीनची याहून कडक परीक्षा नाही.

आता मशीनकडे येतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये बसवलं. सेंटरमधून बाहेर पडताना चपलांचा आवाज आला, रिक्षाच्या मीटरचा आवाज आला. घरी कॅसेट लावली आणि ‘स’ परत आला होता. सात-आठ वर्षांनी पुलंचं अख्खं वाक्य कानात पडलं, डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

आठवड्यात काहीतरी खटकायला लागलं. वाक्य पूर्ण ऐकू येतंय, तरी मला हसू येत नव्हतं. सौ. हसतेय आणि मी नुसता ऐकतोय. वय झालं, आवड संपली, असं वाटून फार उदास झालो. डिसेंबरमध्ये मुलानं फोन ब्लूटूथनं मशीनला जोडून दिला. आवाज थेट कानात, स्वच्छ. ‘म्हैस’ लावलं. कोकणातल्या रस्त्यावर एसटीपुढे म्हैस येते आणि सगळी बस बोलायला लागते, तो प्रत्येक आवाज वेगळा कळला आणि मी खदाखदा हसलो. मान वर केली तर सौ. माझ्याकडे बघत बसलेली. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. ती म्हणाली, ‘‘अहो, कुठपर्यंत आलं?’’ मी सांगितलं, पण सांगून ते येत नाही. पुलं ब्लूटूथवर ऐकणं त्या दिवसापासून बंद केलं. बातम्यांना ते चांगलं आहे, फोनला उत्तम आहे, एवढं नोंदवतो.

त्या दिवशी एक धागा मात्र हाती लागला. फोनवरून ऐकताना हसू आलं, टेपवरून येत नव्हतं. मग फरक कशात? तीच फीत दोन्ही तऱ्हांनी पाच-सहा वेळा ऐकली. फोनवर ऐकताना सभागृह हसत होतं. टेपवरून मशीन ते हसणं माझ्यापर्यंत येऊच देत नव्हतं.

सेंटरला गेलो. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान तपासून मशीन बसवून देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘‘काका, बोलणं स्पष्ट येतंय ना? मग मशीन छान चाललंय.’’ मी म्हटलं, ‘‘मॅडम, बोलणं येतंय. हसणं येत नाही.’’ त्यांनी आधी ते थट्टेवारी नेलं. तिसऱ्या खेपेला मी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून नेला आणि सौ.ला बरोबर घेतलं. तेव्हा त्या नीट बसल्या, ऐकलं आणि कारण समजावून सांगितलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानतो. ही माहिती मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला आधी मिळायला हवी.

डिजिटल मशीन आवाजाचा चढउतार बघून बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला ते ठरवतं. बोलण्यात अक्षरागणिक आवाज वरखाली होतो. पंखा, गाडी, गर्दी यांचा आवाज एकसलग असतो, तो मशीन दाबतं. शेदोनशे माणसं एकदम हसली की तो हशा मशीनच्या हिशोबात गर्दीचा गोंगाट. टाळी वाजली की तो अचानक झालेला आघात, म्हणून तीही दाबायची. शिवाय मशीनचे माइक समोरच्या माणसाकडे रोखलेले असतात, मागून येणारं कमी घेतात. आणि चौथी गोष्ट कॉम्प्रेशन. बारीक आवाज वर उचलायचा, मोठा आवाज खाली आणायचा. म्हणजे वाचणारा आवाज उतरवून एखादं वाक्य बाजूला टाकतो, तेही मशीन पहिल्या वाक्याएवढंच मोठं करून देतं. तो थांबला की मशीन शांततेत काहीतरी शोधत आवाज वाढवत नेतं आणि त्या रिकाम्या जागेत टेपची खरखर भरते. ज्या क्षणी काहीच ऐकू यायला नको, नेमका तोच क्षण भरून जातो. विनोद लागायचा कसा?

हे ऐकल्यावर मनावरचं मोठं ओझं उतरलं. माझं हसू आटलं नव्हतं.

उपाय फुकटात झाला, हेही सांगायला हवं. बहुतेक मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्राम देता येतो. त्यात गोंगाट दाबणं बंद, माइक चहूबाजूंना खुले, कॉम्प्रेशन सौम्य आणि संथ. मॅडमनी तो दोन नंबरला बसवला. मशीन स्वतःच शिट्टी मारतं ती रोखणारी सोय मात्र पूर्ण बंद करता आली नाही, त्यामुळे पेटीचा सूर लांबला की अजून मध्येच किरकिरतो. ते मी सोडून दिलं. खरी कसरत हशा किती ठेवायचा याची होती. थोडा जास्त झाला की पुढचं वाक्य बुडतं. शेवटी सौ.लाच समोर बसवलं. टेप चालू, ती ऐकतेय, मी ऐकतोय. मॅडम संगणकावर थोडं वर घेतात, थोडं खाली. एका ठिकाणी आम्ही दोघं एकाच वेळी हसलो आणि मॅडम म्हणाल्या, ‘‘हां, इथे ठेवते.’’

त्यानंतरचे पाच महिने सोन्यासारखे गेले. जुलैमध्ये गंगापूर रोडवरच्या एका लहान सभागृहात एका विनोदी लेखकानं स्वतःचे लेख वाचले. बाहेर पाऊस, आत साठेक माणसं. मी आधी सवयीनं पहिल्या रांगेत बसलो, मग उठून मधल्या रांगेत गेलो, हसणारी माणसं चारी बाजूंना हवीत म्हणून. बटण दाबून दोन नंबर लावला. गृहस्थ कागदावरून वाचत होते, मधेच चष्म्यावरून बघायचे. एका वाक्यापाशी थांबले. मागच्या कोपऱ्यात एक बाई आधी हसल्या, मग त्यांची रांग, मग सगळे. हसू कुठून निघालं आणि माझ्यापर्यंत कसं आलं हे मला ऐकू आलं. मशीनच्या आधीची कितीतरी वर्षं मी सभांमध्ये इतरांचे चेहरे बघून हसत होतो.

बाकी गोष्टी थोडक्यात. सेल ३१२ नंबरचा, तपकिरी स्टिकरवाला. एक आठवडाभर जातो, मी रात्री मशीनमधलं सेलचं दार उघडं ठेवतो म्हणून. स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं हवा लागू द्यावी, मगच बसवावा. सहा सेलांचं पाकीट सेंटरमध्ये घेऊ नका, बाहेर चौकशी केलीत तर बरंच स्वस्त मिळतं. नाशिकच्या पावसाळ्यात रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवणं आवश्यक. मी रोज ठेवूनही ऑगस्टमध्ये उजवं बंद पडलं. ‘आत ओलावा शिरला, वॉरंटीत बसत नाही,’ म्हणून साडेसहा हजार लावले. कानात घालायच्या वस्तूला घाम आणि ओलावा लागणारच. त्याची जबाबदारी विकणाऱ्यानं घ्यायला हवी, हे मी तिथे सांगितलं आणि इथेही सांगतो.

इथवर लिहून जेवायला उठलो होतो. लिहिलेलं सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘अहो, हशाचं सगळं खरं. पण मशीन नव्हतं तेव्हा तुम्ही जेवताना बोलायचात का? नात फोनवर आली की फोन माझ्या हातात द्यायचात.’’ ते खरं आहे. रागात दोन तारे लिहिले होते, ते खोडून साडेतीन करतो. मशीनला चार दिले असते. अर्धा सेंटरचा कापला, न सांगता पुसल्याबद्दल.

घेणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की ट्रायलचे दिवस मागून घ्या आणि सेंटरच्या बंद खोलीत ‘ऐकू येतंय का’ला मान डोलावून पैसे देऊ नका. ज्याच्यासाठी कान हवेत ते बरोबर न्या. कीर्तन असेल तर कीर्तन, तबला असेल तर तबला. सेटिंग मनासारखं झालं की त्याची छापील प्रत मागा. मी मार्चमध्ये मागितली नाही, म्हणून आता सगळं पुन्हा करायचंय.

मंगळवारी अकराची वेळ मिळाली आहे. टेपरेकॉर्डर पिशवीत भरलाय, कॅसेट त्या जागेपर्यंत गुंडाळून ठेवलीय. सौ. येतेय बरोबर. हशा किती हवा ते तिला पाठ आहे.