'टच ऑफ ईव्हिल'चा 4के सेट : घेतला चित्रासाठी, परत परत लावतोय आवाजासाठी

दिग्दर्शक-अभिनेता ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'चा (1958) किनो लॉर्बर या डिस्क काढणाऱ्या कंपनीने 2022 मध्ये काढलेला तीन डिस्कचा 4के सेट माझ्याकडे गेल्या पावसाळ्यापासून आहे. नवी डिस्क आली की पहिल्या आठवड्यात सगळंच भारी वाटतं, म्हणून लिहायला मुद्दाम थांबलो. आता ठामपणे सांगतो : कृष्णधवल गुन्हेपटांची आवड असेल आणि घरी 4के प्लेअर असेल, तर हा सेट घ्याच. फक्त चित्र किती लख्ख दिसतं एवढ्यावर त्याची किंमत करू नका.

एकाच सिनेमाच्या तीन डिस्क कशासाठी? वेल्सच्या हातून युनिव्हर्सल या स्टुडिओने संकलन काढून घेतलं आणि हॅरी केलर या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून काही प्रसंग नव्याने चित्रित करून घेतले. डिसेंबर 1957 मध्ये स्टुडिओची प्रत पाहिल्यावर वेल्सने 58 पानांचा मेमो लिहिला. कुठे काय कापा, कुठलं संगीत काढा, कुठला प्रसंग कशाच्या आधी आणा, सगळं तपशीलवार. त्यातलं फार थोडं ऐकलं गेलं आणि 1958 मध्ये सुमारे 95 मिनिटांचा सिनेमा प्रदर्शित झाला. 1970च्या दशकात 108 मिनिटांची प्रीव्ह्यू प्रत (प्रदर्शनाआधी चाचणीसाठी दाखवलेली) सापडली. पुढे 1998 मध्ये निर्माता रिक श्मिडलिन आणि संकलक वॉल्टर मर्च यांनी तो मेमो समोर ठेवून 111 मिनिटांची पुनर्रचित आवृत्ती बांधली. या सेटमध्ये तिन्ही आहेत, प्रत्येकीला स्वतंत्र डिस्क.

सुरुवातीचा तो प्रसिद्ध अखंड शॉट घ्या. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा क्रेनवरून अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या गावातून त्या गाडीच्या मागेपुढे फिरत राहतो. प्रदर्शित आवृत्तीत यावर श्रेयनामावली येते आणि हेन्री मॅन्सिनीचं झोकदार संगीत वाजतं. संगीत सुंदरच आहे, पण ते सगळ्या रस्त्यावर एकसारखं पसरतं. पुनर्रचित आवृत्तीत नावं शेवटी गेली आहेत आणि वेल्सला हवं होतं तसं संगीत रस्त्यातूनच येतं. एका दारातून एक धून, पुढच्या दारातून दुसरी, आणि मधूनच त्या गाडीचा रेडिओ. तो रेडिओ लांब गेला की आपण सुटकेचा श्वास टाकतो, जवळ आला की खुर्चीत ताठ होतो, कारण बॉम्ब कुठे पोचलाय हे आता कानाला कळत असतं. इतक्या वेळा पाहूनही ही भीती बोथट झालेली नाही.

इथे एक सूचना. साउंडबारचा कृत्रिम सराउंड बंद करा. मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. तो पसरवला की दारादारांतल्या आवाजांची वीण उसवते. साधा स्टिरिओ किंवा बरा हेडफोन पुरतो.

(पुढच्या परिच्छेदात शेवट उघड होतो.)

शेवट तर पूर्ण आवाजाचाच आहे. क्विनलन (वेल्स स्वतः) हा खोटे पुरावे पेरणारा अमेरिकन पोलीस अधिकारी. त्याचा जुना सहकारी मेन्झिस अंगावर मायक्रोफोन लपवून त्याला बोलतं करतो आणि व्हार्गास हा मेक्सिकन अधिकारी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन पुलाखालून, पाण्यातून, तेलविहिरींच्या सांगाड्यांमधून मागे मागे जातो. पुलाखाली क्विनलनचाच आवाज यंत्रातून घुमून त्याच्या कानावर येतो आणि सगळं फिसकटतं. जुन्या डीव्हीडीवर हा भाग नुसता गोंगाट वाटायचा. इथे माणसाचा आवाज आणि यंत्रातून आलेला आवाज यांतला फरक स्पष्ट कळतो, आणि तो कळला तरच प्रसंगाला अर्थ आहे.

मेन्झिसचाच आणखी एक तपशील. अभिलेखागारात व्हार्गास त्याला क्विनलनच्या लबाडीचे पुरावे दाखवतो, तिथला त्याचा एक क्लोजअप मेमोनुसार काढला आहे. वेल्सने कारण दिलं होतं लेन्सचं, चेहरा वेडावाकडा दिसतो म्हणून. पण तेवढा एक शॉट गेल्यावर माणूस बदलतो, असं मर्चने नंतर सांगितलं आहे, आणि दोन्ही डिस्क लागोपाठ लावून ते मला पटलं. आधी तो तिथेच मोडून पडलेला दिसायचा. आता तो आतल्या आत झगडत राहतो, म्हणून त्याचा शेवटचा विश्वासघात कितीतरी जास्त दुखतो.

चित्र अर्थातच उत्तम आहे. रसेल मेटीचं छायाचित्रण, काळा खरोखरचा काळा. वेल्सच्या चेहऱ्यावरचा घाम, खोटं नाक, पोटावर चढवलेली भर सगळं दिसतं आणि तरी क्विनलन खोटा वाटत नाही. डिझॉल्व (एक दृश्य विरून दुसरं उमटणं) येताना ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, एकदम जाड होतो. तो डिस्कचा दोष नव्हे, त्या काळी असे ट्रिक-शॉट फिल्मच्या पुढच्या पिढीतल्या प्रतीवर जायचे.

तक्रारी आहेत. तिन्ही आवृत्त्या 1.85 प्रमाणात (चौकटीची रुंदी उंचीच्या 1.85 पट) आहेत. 2011 मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या ब्लू-रेवर 1.37चा पर्यायही होता. खालून घेतलेल्या शॉटमध्ये छत डोक्यावर उतरल्यासारखं दिसतं, ते मला उंच चौकटीत अधिक भावतं. इतका मोठा सेट काढताना तो पर्याय द्यायला हवा होता. दुसरी तक्रार सिनेमाबद्दलच : व्हार्गास झालेल्या चार्ल्टन हेस्टनला तपकिरी रंग फासून मेक्सिकन केलंय. नैतिक बाजू मेक्सिकन अधिकाऱ्याची आहे हे त्या काळी धाडसाचं होतं, तरी 4केमध्ये तो रंग फार खुपतो.

आपल्याकडे मागवणाऱ्यांसाठी : 4के डिस्कला रीजनची (एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर न चालण्याची) अडचण नसते, पण परदेशी साध्या ब्लू-रे बहुधा ए किंवा बी विभागाच्या असतात आणि भारत सी विभागात येतो. तेव्हा साधी ब्लू-रे स्वस्त दिसली तरी प्लेअर तपासूनच घ्या. कस्टम ड्युटी धरूनच हिशेब करा. माझ्या पार्सलचा कोपरा चेपून आला होता, डिस्क सुखरूप होत्या.

आधी पुनर्रचित आवृत्ती बघा, मग प्रदर्शित. प्रीव्ह्यू प्रत शेवटी, तीही रोझेनबाम आणि नेरमोर या चित्रपट-अभ्यासकांची कॉमेंट्री लावून. कोणता प्रसंग वेल्सचा आणि कोणता केलरचा, हे ते दोघं जागच्या जागी दाखवत जातात.