संग्रहालयाचा शिक्षण आराखडा: धड्यापासून सुरुवात करावी की वस्तूपासून?

लहान संग्रहालयात शिक्षणाचं काम बघायला बहुधा एकच माणूस असतो आणि सहलीची बस आली की पन्नास मुलं एकदम दारात उतरतात. म्हणून आराखडा लिहिताना पहिला निर्णय हा: मुलांना धड्यावरून वस्तूकडे न्यायचं, की वस्तूवरून प्रश्नांकडे?

धडा धरला तर शाळा लवकर तयार होतात. मुख्याध्यापकांना पालकांपुढे ठेवायला कारण मिळतं. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत; शाळेला पाठवायच्या पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा. कमी सरावाचा मार्गदर्शकही हे काम निभावतो. पण पुस्तकात नसलेलं सगळं मागे पडतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे कुठल्या धड्यात बसवणार? आणि पुस्तक बदललं की कार्यपत्रिका पुन्हा करायच्या.

वस्तूपासून निघणाऱ्यांना मानसशास्त्रज्ञ अॅबिगेल हाउझन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन यांच्या पद्धतीचा आधार आहे. तिचे प्रश्न तीनच: इथे काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतं? एरवी गप्प बसणारं मूल इथे बोलतं, आणि माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र एका वस्तूला पंधरा मिनिटं सहज जातात, म्हणजे तासाभरात चारच वस्तू. ‘बाकीचं बघायचं राहिलं’ अशी शिक्षकांची तक्रार येते, ती आधीच बोलून ठेवावी.

ही पद्धत चित्रांवरून घडली. पुरातत्त्वाच्या दालनात ती जशीच्या तशी पुरत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती घ्या. केशरचना, दागिने मुलं स्वतः टिपतील. पण तेर म्हणजे प्राचीन तगर, तिथलं कापड भडोचच्या बंदराकडे जाई, तशीच मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत निघाली, हे नुसतं बघून कळणार नाही. ते सांगावंच लागतं. फक्त मुलांचं बोलून झाल्यावर.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरत्या संग्रहालयाची बस गावोगावी नेली. लहान संस्थेला डिझेल आणि देखभाल झेपणार नाही. त्याऐवजी प्रतिकृतींची एक पेटी शाळेत पाठवा.

माझा कौल वस्तूला आहे. आपल्याकडच्या सहा वस्तू निवडा आणि प्रत्येकीपुढे इयत्ता व धडा लिहा, म्हणजे शाळेलाही उत्तर मिळतं. मार्गदर्शकाला तयार करायला दोन-तीन महिनेही नसतील, तर पहिलं वर्ष धड्यावर काढा. दोन्हीकडे गट सोळा-सतराचाच ठेवा आणि एक गट दालनात असताना उरलेली मुलं काय करतील, तेही आराखड्यात लिहा: एक चित्र काढायला, एक पेटीतल्या प्रतिकृती हाताळायला.