टॅबलेटचे नऊ महिने आणि ‘प्लगइन इन्स्टॉल करा’ ही सूचना

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे जॉबवर्कचे छोटे वर्कशॉप आहे आणि घर इंदिरानगरला. दोन्हीकडे नेता येईल असे एकच साधन असावे, म्हणून गेल्या दिवाळीच्या आधी महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानातून दहा इंची अँड्रॉइड टॅबलेट घेतला. “साहेब, कॉम्प्युटरवर होतं ते सगळं यात होतं,” असे विक्रेत्याने सांगितले होते. त्या ‘सगळं’ या शब्दाचा हिशेब आता मांडता येईल.

टॅबलेट म्हणून वस्तू चांगली आहे. ड्रॉइंगची पीडीएफ मशीनपाशी उभे राहून मोठी करून पाहता येते, कोटेशन तिथूनच पाठवता येते आणि बॅटरी दिवसभर पुरते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो तापून चार्जिंग थांबण्याचा प्रकार दोनदा झाला, तेवढाच काय तो त्रास.

अडले ते कॅमेऱ्यांपाशी. वर्कशॉपमध्ये आठ कॅमेऱ्यांचा जुना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, आहे. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता टाकला की आठही चित्रे दिसत असत. टॅबलेटवर तोच पत्ता टाकला, पासवर्ड स्वीकारला गेला, वरची बटणे आली आणि चित्राच्या जागी करडी चौकट उमटली. तिच्यावर ‘प्लगइन डाउनलोड करून इन्स्टॉल करा, त्या वेळी ब्राउझर बंद ठेवा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. त्या ओळीवर बोट ठेवल्यावर विंडोजवर चालणारी एक ईएक्सई फाइल मुकाट्याने उतरली आणि ती उघडायला गेलो तर टॅबलेटने ‘फाइल उघडता येत नाही’ असे सांगितले. मग ब्राउझरच्या मेनूतील ‘डेस्कटॉप साइट’ या पर्यायावर खूण करून पाहिली. चौकट जागची हलली नाही, अक्षरे मात्र बारीक झाली. हे पाहून भाचा म्हणाला, “मामा, यानं ब्राउझर फक्त आपलं नाव खोटं सांगतो. आतलं मशीन तेच राहतं.”

त्याचे म्हणणे नेमके होते. प्लगइन म्हणजे एका विशिष्ट प्रोसेसरसाठी आणि एका विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी यंत्रभाषेत तयार केलेला प्रोग्राम, जो ब्राउझरच्या पोटात बसून चालतो. माझ्या डीव्हीआरचे प्लगइन विंडोज आणि इंटेल पद्धतीचा प्रोसेसर गृहीत धरून, तेही मायक्रोसॉफ्टच्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या ॲक्टिव्हएक्स तंत्रावर बनवलेले आहे. टॅबलेटमध्ये एआरएम या वेगळ्या जातीचा प्रोसेसर आहे आणि त्यावर अँड्रॉइड. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनमध्ये एका कंपनीच्या कंट्रोलरसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कंट्रोलरवर जसाच्या तसा चालत नाही, हे आमच्या धंद्यात शिकाऊ मुलालाही ठाऊक असते. ब्राउझरच्या बाबतीत मात्र मी ते विसरलो होतो. डीव्हीआरला प्लगइन लागण्याचे कारणही तसेच ठोस आहे. तो कॅमेऱ्याचे चित्र आरटीएसपी या पद्धतीने पाठवतो आणि ती पद्धत ब्राउझरच्या स्वतःच्या व्हिडिओ प्लेअरला समजत नाही, त्यामुळे मधला दुभाषी म्हणून प्लगइन ठेवावे लागले.

एआरएमसाठी वेगळे प्लगइन का बनवत नाहीत, हा पुढचा प्रश्न मलाही पडला होता. बनवले तरी ते बसवायला जागाच ठेवलेली नाही. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲप आपापल्या कुंपणात चालते आणि एकाला दुसऱ्याच्या फाइलींना परस्पर हात लावता येत नाही. कोणत्याही संकेतस्थळाने दिलेले यंत्रभाषेतील काम ब्राउझरच्या आत चालू द्यायचे म्हणजे त्या कुंपणाला आपणच खिंडार पाडायचे. आयफोनने तर २००७ मध्ये पहिल्या दिवसापासून फ्लॅश, म्हणजे त्या काळी संकेतस्थळांवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारे प्लगइन, घेतले नाही आणि एप्रिल २०१० मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी त्याची कारणे जाहीर पत्रात मांडली. सुरक्षितता, वारंवार होणारे क्रॅश, बॅटरी, आणि माउसचा बाण नुसता वर नेला की उघडणारे मेनू बोटाने कसे उघडायचे हा स्पर्शाचा मुद्दा, असे बरेच काही त्यात होते. स्वतःच्या ॲप स्टोअरचा फायदा त्यामागे नव्हता असे मी म्हणणार नाही, पण बॅटरीचा आणि बोटाचा मुद्दा मला नऊ महिन्यांनंतर पटतो. अँड्रॉइडने २०१० मध्ये फ्लॅश चालवून दाखवले खरे, पण नोव्हेंबर २०११ मध्ये फ्लॅश बनवणाऱ्या अडोबी कंपनीनेच मोबाइलवरील फ्लॅशचा विकास थांबवल्याचे जाहीर केले आणि ऑगस्ट २०१२ पासून ते नव्याने बसवणेही बंद झाले.

संगणकावर तरी काय वेगळे झाले? क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासून चालत आलेली प्लगइनची व्यवस्था पूर्ण काढून टाकली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश वगळता बाकी सारी प्लगइन बंद केली, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर खुद्द फ्लॅशचाही आधार संपला. म्हणजे मोबाइलमध्ये जी उणीव वाटत होती, तिथेच संगणकही काही वर्षांनी येऊन थांबला. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाल्यानंतर माझा जुना लॅपटॉपसुद्धा एज ब्राउझरच्या ‘आयई मोड’मध्येच, म्हणजे जुन्या एक्सप्लोररसारखे वागणाऱ्या सोयीतच, डीव्हीआर दाखवतो.

प्लगइन आणि एक्स्टेन्शन या दोन शब्दांची गल्लत आमच्याकडे सर्रास होते, मीही करत होतो. जाहिराती अडवण्यासाठी बसवतात ते एक्स्टेन्शन. ते जावास्क्रिप्टसारख्या वेबच्याच भाषेत लिहिलेले असते आणि त्याला प्रोसेसरशी देणेघेणे नसते. तरीही टॅबलेटवरच्या क्रोममध्ये ते बसवता आले नाही, कारण तशी सोयच त्यात दिलेली नाही. फायरफॉक्समध्ये बसले. फायरफॉक्सने अँड्रॉइडवर एक्स्टेन्शनचे दार डिसेंबर २०२३ मध्ये सर्वांसाठी उघडले, तर आयफोनच्या सफारीत ती सोय २०२१ च्या आयओएस १५ पासून आहे. त्यामुळे ‘मोबाइलवर चालत नाही’ असे कोणी म्हटले की मी आधी वस्तू कोणती ते विचारतो. भाचीला लहानपणीचा फ्लॅशवरचा गणिताचा खेळ पुन्हा पाहायचा होता. तो फायरफॉक्समध्ये रफल हे एक्स्टेन्शन बसवल्यावर चालला. रफल हे जुने प्लगइन नव्हे, फ्लॅशची नक्कल करणारा नव्याने लिहिलेला प्रोग्राम आहे, आणि तो ब्राउझरच्या नियमांत राहून काम करतो.

डिजिटल स्वाक्षरीच्या, म्हणजे ऑनलाइन कागदपत्रांवर सही करण्याच्या, पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनने मात्र मला हरवले. टोकन टॅबलेटला यूएसबी वस्तू जोडणाऱ्या ओटीजी केबलने जोडले, त्याचा दिवाही लागला, पण पुढे काही नाही. पूर्वी अशा स्वाक्षरीसाठी ब्राउझरमध्ये जावाचे प्लगइन लागत असे. आता त्याच्या जागी संगणकावर बसवायचा छोटा सायनर प्रोग्राम आला आहे आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. तो प्रोग्राम आणि टोकनचा ड्रायव्हर हे दोन्ही माझ्या बाबतीत विंडोजचेच आहेत, त्यामुळे प्लगइन गेले तरी अडचण तिथेच राहिली. माझा व्यवसाय प्रोप्रायटरी असल्याने जीएसटीचे विवरणपत्र मोबाइलवर आलेल्या ओटीपीने भरता येते. ई-निविदा भरायची असेल तर लॅपटॉप काढावाच लागतो.

डीव्हीआरवर शेवटी उपाय सापडला. ज्यांचा डीव्हीआर नवा आहे त्यांनी उत्पादकाचे ॲप घ्यावे. त्यात चित्र उलगडण्याची सोय ॲपच्या आतच असते. माझ्या जुन्या यंत्रासाठी तसे ॲप राहिलेले नव्हते. मग व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘नेटवर्क स्ट्रीम’ उघडून कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता टाकला आणि दोन-तीन सेकंदांत लेथसमोरचा कॅमेरा दिसू लागला. मुख्य चित्राऐवजी हलक्या दर्जाचा दुसरा प्रवाह निवडला, तर वायफाय कमकुवत असतानाही चित्र अडखळत नाही. एका वेळी एकच कॅमेरा दिसतो आणि रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहता येत नाही, ही उणीव आहेच. घरून पाहता यावे म्हणून राउटरमध्ये डीव्हीआरचा पोर्ट, म्हणजे आत येण्याची वाट, बाहेरच्या इंटरनेटला उघडून देण्याचा सल्ला कॅमेरे बसवणाऱ्याने दिला होता, तो मी मानला नाही. कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेल्या अशाच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांत २०१६ मध्ये ‘मिराई’ हा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, घुसला होता.

टॅबलेटला मी पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण खरे तर विक्रेत्याचा आहे. लॅपटॉप वर्कशॉपच्या कपाटात आहे, त्याच्या झाकणावर ‘फक्त टोकन आणि डीव्हीआर सेटिंग’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. गेल्या आठवड्यात नव्या डीव्हीआरची चौकशी करायला गेलो तेव्हा टॅबलेट बरोबर नेला आणि दुकानदाराला म्हटले, दर नंतर सांगा, आधी याच्या ब्राउझरमध्ये कॅमेरा उघडून दाखवा. पहिल्या यंत्राने तीच करडी चौकट दाखवली. दुसऱ्याचे चित्र काहीही न बसवता आले, आणि ते साडेतीन हजारांनी महाग निघाले.