चॉकलेटच्या अंड्यातली डबी आणि एक पेनी: ब्रीमसाठी घरी बनवलेले बाइट इंडिकेटर, पूर्ण सीझन वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, पाल्हाळ नंतर. माशाने आमिष ओढलं (बाइट म्हणतात त्याला) की पीं-पीं वाजणारा बाइट अलार्म विकतच घ्या. त्याच्या मागे लाइनवर, म्हणजे गळाच्या दोरीवर, लटकतो आणि वर-खाली होऊन मासा आल्याचं दाखवतो तो बॉबिन मात्र घरी बनवा, निदान ब्रीम नावाच्या माशासाठी तरी. मी इंग्लंडात नॉर्थम्प्टनच्या बाजूला राहतो, इथे नेन नदीच्या खोऱ्यात वाळू-खडी काढून झालेल्या खाणींची मोठमोठी तळी झालीयत, ग्रॅव्हल पिट म्हणतात त्यांना, आणि त्यात ब्रीम भरपूर. एप्रिलपासून पहिलं दव गोठेपर्यंत हेच घरचे बॉबिन वापरलेत, बहुतेक संध्याकाळी आणि रात्री, कारण मोठा ब्रीम उजेड कमी झाल्याशिवाय नीट खायलाच येत नाही.

ज्यांना हा मासा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातला, पण अंगाने पापलेटसारखा चपटा आणि उंच, वर हा एवढा चिकट बुळबुळीत थर. थव्याने फिरतो. तळातल्या गाळात डोकं खाली शेपटी वर असा तिरका होऊन तोंड नळीसारखं पुढे काढतो आणि गांडूळ, मॅगट (माशीच्या अळ्या), मका जे असेल ते ओढून घेतो. घेतल्यावर कार्पसारखा धूम पळत नाही, हा आपला निवांत सरळ होतो आणि एक-दोन फूट सरकतो, कधी पलीकडे, तर कधी तुमच्याच दिशेने. सगळी गंमत इथेच आहे. मासा तुमच्याकडे आला की लाइन ताणली जायच्या ऐवजी सैल पडते आणि बॉबिन वर जायच्या ऐवजी धपकन खाली येतो, याला इथले लोक ड्रॉप-बॅक म्हणतात. आपल्याकडे नदीवर रात्री गळ टाकणारे दोरीला घुंगरू बांधतात ना, ते मासा ओढायला लागला की छान वाजतं, पण हा असा सैल पडणारा मासा घुंगराला कळणार कसा?

म्हणून ब्रीमसाठी इंडिकेटरला वजन पाहिजे, आणि ते वजन कमीजास्त करता आलं पाहिजे. दुकानातले बॉबिन मिळतात ते बहुतेक कार्पवाल्यांच्या हिशोबाने, एक तर फारच हलके नाहीतर वजनाचे तुकडे वेगळे विकत घ्या. मला हा प्रकार पटला नाही.

आता बनवायचं कसं. मुलांच्या चॉकलेटच्या अंड्यात खेळणं घातलेली पिवळी डबी येते, तीच बॉबिनचं अंग. रंग असा की संध्याकाळच्या शेवटच्या उजेडातही दिसतो, आणि प्लास्टिक थोडं आरपार असल्यामुळे रात्री आत केमिकलवाली छोटी ग्लोस्टिक टाकली की अख्खी डबी उजळते. डबीच्या आत तळाला छोटं निओडायमियम लोहचुंबक ॲराल्डाइटने चिकटवायचं. ते कशासाठी, तर वजन म्हणून मी पेनीची नाणी वापरतो. ब्रिटनची एक पेनी ३.५६ ग्रॅमची असते आणि १९९२ पासून ती आतून पोलादाची, वरून नुसता तांब्याचा मुलामा, त्यामुळे चुंबकाला टक्कन चिकटते. त्याआधीची ब्राँझची, ती नाही चिकटणार. डबी उघडा, एक नाणं टाका, अजून एक टाका, झालं ७.१२ ग्रॅम. वजनकाटा नको, काही नको. नाण्याला भोक पाडत बसू नका, इथे नाणी वितळवणं-मोडणं कायद्यात बसत नाही आणि तशी गरजही नाहीये.

वरच्या टोकाला लाइन पकडायला केसांचा आकडा. हो, तोच साधा काळा आकडा, टोकाला प्लास्टिकचे थेंब असलेला. ते थेंब काढू नका, उघडी तार लाइनला चरे पाडते आणि मग ऐन मोक्याला लाइन तिथेच तुटणार. आकड्याची पकड बोटाने थोडी ढिली करून घ्या, गळ रुतवायला रॉडला हिसका मारला की लाइन सुटली पाहिजे, पण नुसत्या वाऱ्याने सुटता कामा नये. हे जमायला घरी टेबलापाशी बसून थोडा खेळ करावा लागतो, एवढंच एक काम चिकाटीचं, बाकी सगळं अर्ध्या तासाचं आहे.

लटकवायला दोन प्रकार केले. एक साध्या मण्यांच्या साखळीवर, आणि दुसरा सायकलच्या चाकाच्या स्पोकवर. स्पोकवाला जास्त आवडला. २ मिलिमीटरची स्टेनलेस तार, गंजत नाही, एका टोकाला आधीच वाकवलेली मान असते आणि दुसऱ्या टोकाला आटे आणि निपल (स्पोकचा छोटा नट), म्हणजे डबीच्या बुडाला भोक पाडून निपलनेच कसून टाकायची. वाकवलेली मान एका छोट्या प्लास्टिकच्या पट्टीत सैल अडकते, ती पट्टी एम१० च्या वॉशरला चिकटवलेली, आणि तो वॉशर अलार्म आणि बँकस्टिकच्या (काठावर रोवायची, रॉड टेकवायची काठी) मधे. इथल्या बँकस्टिकचे आटे ३/८ इंचाचे असतात, त्यामुळे वॉशर बरोबर बसतो. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मोडक्या चाकाचे स्पोक मागितले तर तो बहुतेक फुकटच देतो.

आता अनुभव. वारा नसलेल्या संध्याकाळी एक पेनी पुरते. रॉड आमिषाच्या दिशेने रोखून ठेवायचा, लाइन बुडवून घ्यायची, बॉबिन रॉडपासून साधारण एक फूट खाली लोंबत ठेवायचा, म्हणजे वर जायलाही जागा आणि खाली पडायलाही. पुष्कळ जण बॉबिन जमिनीला टेकेल इतका खाली सोडतात आणि मग ड्रॉप-बॅक दिसत नाही म्हणून तक्रार करतात. अहो, पडायला जागाच नाही तर दिसणार काय!

वारा सुटला की मोठ्या तळ्यात वरचं पाणी एका बाजूला ढकललं जातं आणि खालून उलटा प्रवाह सुरू होतो, तो लाइनला पोट आणतो आणि बॉबिन अगदी सावकाश, इंचाइंचाने वर चढत जातो. नवीन माणूस हमखास हिसका मारतो. इथे दुसरी पेनी, कधी तिसरी. बॉबिन खाली बसून स्थिर झाला की तेवढं वजन बरोबर. विकतच्या बॉबिनबरोबर हा खेळ इतका पटकन जमत नाही. पण फार वजन वाढवलंत तर दुसरा घोटाळा, कारण बॉबिन स्वतःच लाइन ओढून ताणतो आणि ताणलेल्या लाइनला थव्यातल्या माशांची उंच अंगं घासायला लागतात.

ते घासणं म्हणजे लाइनर. ब्रीमवाल्यांची अर्धी डोकेदुखी हीच. बॉबिन टुणकन उडतो, अलार्म दोनदा ओरडतो, आणि बॉबिन परत जागेवर. गळाला काही लागलेलं नसतं, मासा नुसता लाइनवर आपटून गेलेला असतो. त्यावर हिसका मारला की थवा बिचकतो. खरा बाइट वेगळा दिसतो, बॉबिन चढतो आणि वरच थांबतो, किंवा पडतो आणि पडलेलाच राहतो. स्पोकवर बसवलेला बॉबिन झुलत नाही त्यामुळे हा फरक स्पष्ट कळतो, साखळीवाला मात्र वाऱ्यात झोके घेतो आणि मग झोका कुठला आणि मासा कुठला हे अंधारात ओळखणं कठीण. साखळीवाले आता मी फक्त शांत हवेत काढतो. आणि लाइनर फारच यायला लागले तर समजायचं मासे तुमच्या आमिषाच्या अलीकडे आलेत, पुढचा फीडर (गळाबरोबर चारा नेणारी छोटी जाळीची डबी) पाच-सात मीटर अलीकडे टाकून बघा. मला याचा फायदा पुष्कळदा झालाय.

टिकाऊपणाचं म्हणाल तर डबी आणि स्पोक ठणठणीत. डबीची बिजागरी उघडबंद करून पांढरी पडते आणि शेवटी तुटते, मी तिथे इन्सुलेशन टेप गुंडाळतो, दिसायला भिकार पण चालतं. ग्लू गनचा गोंद वापरू नका, थंडीत कडक होऊन टपकन सुटतो, दोन नळ्यांवालं इपॉक्सीच पाहिजे. आत ओल धरते, बुडाला सुईएवढं भोक ठेवलं तर पाणी जमत नाही. आणि चुंबक डबीच्या तळालाच ठेवा, वरच्या टोकाला नको, कारण हल्लीच्या बऱ्याच अलार्मच्या चाकात छोटी चुंबकं आणि आत रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच असतो, लाइनने चाक फिरलं की स्विच उघडबंद होतो आणि आवाज येतो. डबी वर चढून अलार्मला भिडली आणि तिथे तगडं चुंबक असलं तर उगाच पीं-पीं सुरू व्हायची शक्यता.

हेच बघून अलार्मही घरी करायचा नाद मी केला होता. रीड स्विच, बझर, बटणाएवढा सेल, सगळं स्वस्तात मिळतं आणि टेबलावर झकास वाजतं. पण पावसात, दवात, चिखलात चालणारी पाणीबंद डबी घरी करणं म्हणजे वेगळंच प्रकरण, आणि चाक हलकं फिरलं नाही तर ब्रीमचा नाजूक बाइट त्याला कळतच नाही. खरं तर इथल्या इलेक्ट्रिक अलार्मची सुरुवातही घरगुतीच, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड वॉकर या इथल्या नामांकित गळकऱ्याने स्वतः खटपट करून बनवला होता, त्याच वॉकरने १९५२ साली रेडमायर पूल या तळ्यावर ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोचा कार्प काढला. पण तो पेशाने इंजिनियर होता बाबा, आपण नाही.

अगदीच काही हाताशी नसेल तर इथल्या म्हाताऱ्या लोकांची जुनी युक्ती, पावाचा मळलेला गोळा लाइनवर दाबून लावायचा. मी कणकेचा लावून बघितला, चालतो की! हिसक्याला आपोआप गळून पडतो, वजन पाहिजे तेवढं. फक्त बदकं येतात, आणि उन्हात वाळून तडकतो.

वाहत्या नदीवर मात्र यातलं काहीच चालत नाही. प्रवाह लाइन सतत ओढत राहतो, तिथे क्विव्हरटिप, म्हणजे रॉडचं नाजूक लवचीक टोक, लावून तेच बघत बसायचं, दुसरा मार्ग नाही. नद्यांवर तसंही १५ मार्च ते १५ जून कोर्स फिशिंग (ट्राउट-सॅमन सोडून गोड्या पाण्यातल्या बाकी माशांची मासेमारी) बंद असतं, बहुतेक तळी तेव्हाही चालू असतात, म्हणून बॉबिनची खरी परीक्षा तळ्यावरच. साध्या रॉड लायसन्सवर (मासेमारीचा परवाना) दोन रॉड चालतात, त्यामुळे दोनच बॉबिन करा, पण रंग वेगळे ठेवा. माझी एक डबी पिवळी आणि दुसरीवर लाल नेलपॉलिश. अंधारात दोन्ही अलार्म एकदम ओरडले की कुठल्या रॉडकडे धावायचं हे ग्लोस्टिकच्या रंगावरून लगेच कळतं.

घरून फोनवर नेहमीचा प्रश्न असतो, खाता का तो मासा? नाही. तळ्यातून मासा न्यायला मालकाची परवानगी लागते आणि इथे हा मासा सहसा परतच सोडतात, ओल्या मॅटवर ठेवून गळ काढायचा आणि पाण्यात. त्या बुळबुळीसाठी एक जुना टॉवेल वेगळा ठेवा आणि बॉबिनला हात लावायच्या आधी हात पुसा, नाहीतर आकड्याची पकड निसरडी होते आणि पुढच्या वेळी लाइन आपोआप सुटते.

हिवाळ्यासाठी आता अर्ध्या वजनाचा एक बॉबिन करायचाय. पिंगपाँगचा चेंडू फक्त २.७ ग्रॅमचा असतो, त्यालाच आकडा लावून बघणार आहे.