धुळ्यात जुने निवाडे विकत घ्यायचे असतील तर

आधी भाव सांगते, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. न्यायालयांच्या छापील निवाड्यांचा सुटा खंड दीडशे रुपये. कापडी बांधणी शाबूत असेल तर दोनशे. पुठ्ठा निखळलेला, कसर लागलेला असेल तर दुकानवाले नाना पन्नासलाही देऊन टाकतात. पूर्ण संच मागितला की आकडा एकदम चढतो, आणि संच घेऊच नये असं माझं मत आहे. कारण पुढे येईल.

दुकान पाचकंदीलकडून आत शिरणाऱ्या एका गल्लीत आहे. पाटी नाही. पुढच्या भागात दहावी-बारावीची गाइडं, स्पर्धा परीक्षांचे जुने अंक, लग्नपत्रिकांचे नमुने. मागच्या अंधाऱ्या खोलीत कायद्याची पुस्तकं. ती नानांनी ठरवून जमवलेली नाहीत, येत गेली. धुळे, जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडचे जुने वकील गेले की घर आवरायला घेतात आणि सगळ्यात आधी बाहेर पडतात ती ही पुस्तकं. "वकीलसाहेबना पोऱ्या पुणाले ग्या, आते ह्या पुस्तके कोन वाची?" असं नाना म्हणतात आणि गठ्ठा उतरवून घेतात.

मी दिवाणी बाजूची वकील. वाटणीचे दावे, पोटगी, कुळकायद्याचे उरलेसुरले वाद, आणि अशिलांचा आग्रह असला तर करांची थोडी कामं. तेव्हा मी काय शोधायला गेले असेन ते उघड आहे. एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टरचे मुंबई विभागाचे खंड, बॉम्बे लॉ रिपोर्टर, आयटीआर म्हणजे आयकराचे निवाडे (हे 1933 पासून निघतात) आणि एसटीसी म्हणजे विक्रीकराचे (1950 पासून). नानांकडे साधारण स्वातंत्र्याच्या आगेमागे ते साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतचा माल जास्त आहे. त्यातही मुंबई उच्च न्यायालयाचा भरणा, कारण खानदेश मुंबई इलाख्यात होता. आज आपली अपिलं संभाजीनगरच्या खंडपीठात जातात, पण ते खंडपीठ 1981 चं. त्याआधी इथल्या वकिलाला मुंबईच गाठावी लागे. शेजारचं वऱ्हाड मात्र 1936 ते 1956 नागपूर उच्च न्यायालयाखाली होतं, त्यामुळे जळगावकडून आलेल्या गठ्ठ्यांत नागपूरचे निवाडेही बरेच निघतात.

त्यातलाच एसटीसीचा 1956 चा सातवा खंड मी पहिल्यांदा घेतला. पान 99 उघडा. नागपूरच्या संत्रा मार्केटातल्या पानवाल्यांची संघटना कोर्टात गेली होती. म्हणणं एवढंच, की विड्याची पानं ही भाजी आहे आणि भाजीवर विक्रीकर नाही. वनस्पतिशास्त्राने पाहिलं तर बाजू अगदीच पोकळ नव्हती. नागपूर उच्च न्यायालयाने मात्र शास्त्र बाजूला ठेवलं. परसबागेत पिकतं, जेवणात खाल्लं जातं, लोक ज्याला भाजी म्हणून ओळखतात, ती भाजी. पान त्यात बसत नाही. पुढे अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला आणि 1961 मध्ये तिथेही हरला. त्या निकालात आणखी एक बारकी गोष्ट आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या 1947 च्या विक्रीकर कायद्यात करमुक्त वस्तूंच्या यादीत भाजी वेगळी आणि विड्याची पानं वेगळी लिहिलेली होती, आणि 1948 च्या दुरुस्तीने पानांची नोंद काढून टाकली गेली. काढलेली वस्तू भाजीच्या दारातून परत आत कशी येणार? आज जीएसटीत वस्तूचा वर्ग ठरवताना जे भांडण होतं ते थेट याच वळणावर जातं. बाजारात त्याला काय म्हणतात, हा प्रश्न अजून जिवंत आहे.

दीडशे रुपयांत हे मिळालं. पण खरं सांगायचं तर हे निवाडे मोबाइलवर फुकट वाचता येतात. मग पुस्तक कशाला? मोफत प्रतींत स्कॅनच्या चुका असतात, आकडे बदललेले सापडतात, हे एक. पण माझं कारण वेगळं आहे. आयटीआरचे जुने खंड एकामागून एक वाचले की प्रश्न कसा मांडायचा ते कळतं.

ही त्या काळच्या कायद्याची गंमत आहे. 1922 च्या आयकर कायद्यात उच्च न्यायालयात अपील नव्हतं. 1941 मध्ये अपील न्यायाधिकरण आलं. त्याच्या निकालातून कायद्याचा प्रश्न निघत असेल तर कलम 66 खाली साठ दिवसांत, शंभर रुपये फी भरून, तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवा असा अर्ज करायचा. न्यायाधिकरणाने नकार दिला तर सहा महिन्यांत स्वतः उच्च न्यायालयाकडे जायचं. तिथे किमान दोन न्यायाधीश बसणार, आणि ते फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणार. वस्तुस्थिती न्यायाधिकरणाने ठरवली ती ठरवली. त्यामुळे प्रत्येक निवाड्याच्या तोंडाशी प्रश्न छापलेला असतो आणि शेवटी "उत्तर होकारार्थी" किंवा "नकारार्थी". मी आता प्रश्न वाचते, पुस्तक मिटते, उत्तराचा अंदाज बांधते. प्रश्नात एखादा शब्द ढिला राहिला की करदात्याची बाजू कितीही खरी असो, तो हरतो. दिवाणी कोर्टात मुद्दे काढताना आपण जो निष्काळजीपणा करतो, "वादी मागतो ती दाद मिळण्यास पात्र आहे काय" एवढ्यावर भागवतो, त्याची लाज वाटायला लागते.

मुंबईचे 1947 ते 1958 मधले आयकराचे निवाडे तर यासाठीच घ्यावेत. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि त्यांच्याबरोबर बहुधा तेंडोलकर. निवाडे आखूड. वाक्यं सरळ. आयकर आयुक्तांकडून वकील जोशी, करदात्याकडून कधी कोला, कधी पालखीवाला. आजच्या ऐंशी पानी निकालपत्रांनी डोळे थकलेल्या माणसाने ते जरूर वाचावेत. चार पानांत वस्तुस्थिती, वाद, कारण, उत्तर.

आता धोका सांगते, आणि नानांच्या दुकानात कोणी तो सांगत नाही. छापील खंड त्याच्या छपाईच्या दिवशी गोठलेला असतो. पुढे काय झालं ते त्याला ठाऊक नाही. सीतलदास तीरथदास यांचं प्रकरण घ्या. बायको आणि मुलांना पोटगी द्यायची असा तडजोडीचा हुकूमनामा झाला होता. ही रक्कम माझ्या उत्पन्नातून वजा करा, असं करदात्याचं म्हणणं. एका वर्षी 1,350 रुपये, दुसऱ्या वर्षी 18,000. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलं. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवलं. कारण असं, की पैसा आधी तुमच्या हातात येतो आणि मग तुम्ही देणं भागवता, तर तो तुमच्या उत्पन्नाचा विनियोग झाला. पैसा हातात येण्याआधीच दुसऱ्याच्या हक्काने वळला असेल तरच तो तुमचं उत्पन्न नव्हे. 1933 मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे इंग्रजी अमलातल्या शेवटच्या अपील न्यायालयासमोर, राजा बिजयसिंह दुधोरिया यांच्या प्रकरणात सावत्र आईच्या पोटगीचा मिळकतीवर बोजा होता, म्हणजे ती रक्कम त्या मिळकतीतूनच मिळण्याचा तिचा हक्क होता, म्हणून ते जिंकले. सीतलदासांच्या हुकूमनाम्यात बोजा नव्हता.

हे वाचल्यापासून पोटगीच्या तडजोडीचा मसुदा करताना मी बोज्याचं कलम आहे की नाही ते दोनदा बघते. आपल्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढवतात, तो सगळ्यांना कळतो. पण कौटुंबिक तडजोडीत बोजा लिहायचा की नाही, यावर पुढे आयकराचं गणित बदलू शकतं, हे दिवाणी वकिलांच्या डोक्यातच येत नाही.

दुसरा नमुना आपल्या रोजच्या कामाचा. बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या 66 व्या खंडात, पान 351 वर, शिरामाबाई विरुद्ध कलगोंडा असा 1963 चा निवाडा आहे. एकत्र कुटुंबातला नवरा वारला की विधवेला काय मिळतं? त्या निवाड्याने हात आखडता घेतला. नंतर 68 व्या खंडात रंगूबाईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वेगळा मार्ग धरला, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरुपाद मगदूम प्रकरणात तोच मार्ग पक्का केला. हिशेब करून बघा, 2005 च्या दुरुस्तीने मुलींनाही मुलग्यांसारखा वाटा मिळण्याआधीचा. नवरा, बायको, दोन मुलगे, तीन मुली. मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं, तर नवरा, बायको आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एकचतुर्थांश. नवऱ्याच्या एकचतुर्थांशाचे पुन्हा सहा वारसांत सहा भाग, म्हणजे प्रत्येकी चोविसावा. विधवेला स्वतःचे सहा आणि वारशाचा एक, असे चोवीसमधले सात. जुन्या मताने गेलात तर तिच्या पदरात फक्त एक. नानांकडे 66 वा खंड आहे, 68 वा नाही. 66 व्यातली हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या तोंडाशी दिलेला सारांश, आजही ठळक अक्षरात छापलेली दिसते आणि ती तुम्हाला बुडवू शकते.

तिसरं उदाहरण तेलाचं. अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तोच पुढे विप्रो झाला, हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. कर्नूलच्या तुंगभद्रा इंडस्ट्रीजचा वाद याच मालाचा. शेंगदाणा तेलाला करात सवलत. शुद्ध केलेलं तेल शेंगदाणा तेलच राहतं, पण हायड्रोजन घालून गोठवलं की ते वेगळी वस्तू होतं, असं आंध्रच्या उच्च न्यायालयाने ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये उलटवलं: गोठलं तरी तेल तेच. म्हणजे उच्च न्यायालयाचा निवाडा हाती लागला की तो अंतिम समजायचा नाही. वर गेला का, तिथे काय झालं, नंतर पूर्णपीठाने काय म्हटलं, हे ताज्या साधनात तपासल्याशिवाय कोर्टात नाव घेऊ नये. बार रूममध्ये एका ज्येष्ठांनी मला सुनावलं होतं, "जुना दाखला दाखवायचा तर त्याचा मृत्यूचा दाखला आधी बघ."

आता दुकानाच्या तक्रारी. पहिली आणि मोठी म्हणजे पानं. कुण्या काळच्या वकिलाने कोर्टात द्यायला ब्लेडने पान कापून नेलेलं असतं, आणि ते बरोबर कामाचंच असतं. घेण्याआधी खंड फडफडवून पाठीच्या शिवणीकडे बघा, कापल्याची कड लगेच दिसते. दुसरी, संचाची. नाना "पूरा से" म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत, आलेला गठ्ठा पुरा आहे एवढाच त्याचा अर्थ. मधले खंड गायब असतात आणि विषयसूचीचे खंड तर हमखास नसतात. सूचीशिवाय तीस खंड म्हणजे नुसती भिंत. काही ऑफिसांत तेवढ्यासाठीच घेतात, अशिलाला मागे पुस्तकं दिसली की फी देताना बरं वाटतं. त्यांच्यासाठी संच उत्तम आहे.

तिसरी, पुस्तकं कोरडी राहतात पण धूळ भयंकर. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत उभं राहणं हे वेगळंच शिक्षण आहे. पंखा आहे, पण तो लावला की सुटी पानं उडतात म्हणून नाना लावू देत नाहीत. पावती कच्च्या कागदावर. ऑनलाइन पैसे चालतात.

चांगल्या गोष्टीही लिहायला हव्यात. फोनवर खंड आणि पान सांगितलं तर नानांचा नातू त्याचा फोटो पाठवतो, आणि पान कापलेलं असेल तर तसं सांगतो. घेतलेला खंड सदोष निघाला तर बदलून देतात, कटकट नाही. आणि समासातली पेन्सिलची टिपणं. ती भावात धरलेली नसतात. माझ्याकडच्या एका खंडात कुणीतरी आयुक्तांच्या युक्तिवादाच्या बाजूला लिहिलंय, "हे इथे चालेल, धुळ्यात नाही." कोण होते देव जाणे.

कुणी घ्यावं? नव्याने वकिली सुरू केलेल्यांनी आयटीआरचे पन्नासच्या दशकातले दोन-तीन सुटे खंड आणि एसटीसीचे जे हाती लागतील ते. करसल्लागारांनी एसटीसी नक्कीच. केळी-कापूस करणाऱ्या शेतकऱ्यांचे विवरणपत्र भरणाऱ्यांनी आयटीआरचा 1957 चा 32 वा खंड शोधावा. त्यात राजा बिनयकुमार सहास रॉय यांचं साल वृक्षांच्या जंगलाचं प्रकरण आहे. शेतीचं उत्पन्न म्हणजे काय, नांगरणी, पेरणी, लावणी ही मूळ कामं झाल्याशिवाय नुसत्या खुरपणी-छाटणीला शेती म्हणता येतं का, हे सर्वोच्च न्यायालयाने तिथे इतकं तपशिलात सांगितलंय की आजही त्याच्याभोवतीच वाद फिरतात. तो खंड अजून मला नानांकडे सापडलेला नाही. तुम्हाला दिसला आणि पान 466 जागेवर असेल, तर घ्या, पण आधी मला एकदा वाचायला द्या.