ऑलिव्हच्या भावात पेंडीचं तेल

लेबलावर हिरवी फांदी, मागे कुठल्याशा टेकड्या, ठळक अक्षरांत ‘ऑलिव्ह’ आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘पोमेस’. वर ‘भारतीय स्वयंपाकासाठी खास’ अशी पट्टी, शिवाय एकावर एक फुकट. डॉक्टरांनी तेल बदला म्हटलं म्हणून गिऱ्हाईक साध्या तेलाच्या कितीतरी पट पैसे मोजतं आणि घरी पेंडीचं तेल घेऊन जातं. बाटलीवर ‘पोमेस’ छापलेलं असतंच, त्यामुळे तक्रारही टिकत नाही.

शेंगदाण्याचा घाणा पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. तेल निघाल्यावर पेंड उरते, तसा ऑलिव्हचा साल-गर-बियांचा चोथा उरतो, तोच पोमेस. त्यात अडकलेलं तेल दाबून निघत नाही, म्हणून ते हेक्झेनसारख्या द्रावकाने काढतात आणि मग रिफाइन करतात. रंग, वास, चव सगळं गेलेलं असतं, म्हणून वरून थोडं व्हर्जिन, म्हणजे द्रावकाशिवाय नुसतं यंत्राने काढलेलं, तेल घालतात. हे विष नव्हे, तळणीला चालतंही. पण आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या मानकानुसार त्याला नुसतं ‘ऑलिव्ह ऑइल’ म्हणायची मुभा नाही, आणि भावही तो नसावा.

घाण्याच्या तेलाच्या जवळचं म्हणावं ते एक्स्ट्रा व्हर्जिन: फक्त यंत्राने काढलेलं, आम्लता (तेलात सुटलेली मोकळी आम्लं) ०.८ टक्क्यांपर्यंत, चवीत एकही दोष नाही. व्हर्जिनला आम्लता २ टक्क्यांपर्यंत चालते. ‘प्युअर’, ‘क्लासिक’ किंवा नुसतं ‘ऑलिव्ह ऑइल’ म्हणजे रिफाइंड तेलात थोडं व्हर्जिन. ‘प्युअर’ शब्दाला इथे शुद्धतेचा अर्थ नाही, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी फसवणूक टळते. ‘लाइट’चंही तसंच. हलका असतो तो रंग आणि वास. एका मोठ्या चमच्यात उष्मांक तेच, साधारण १२०.

कमी आम्लतेच्या जाहिरातीलाही भुलू नका. रिफाइन करताना आम्ल काढूनच टाकतात, त्यामुळे रिफाइंड तेलाची आम्लता ०.३ टक्क्यांच्या आतच असते. हा आकडा एक्स्ट्रा व्हर्जिनच्या बाटलीवर कौतुकाचा, रिफाइंडच्या बाटलीवर निरर्थक.

मिश्र तेलांत तर समोर ‘ऑलिव्ह’ आणि मागे ‘राइस ब्रॅन ८०, ऑलिव्ह २०’. आपल्याकडच्या नियमात मिश्रणातलं कुठलंही तेल किमान २० टक्के लागतं, म्हणून नेमकं तेवढंच घातलेलं दिसतं. टक्केवारी छापावी लागते. ती बाटली फिरवून वाचा. केमिस्टकडची बाळाच्या मालिशची बाटली स्वयंपाकात वापरू नका. ‘फक्त बाह्य वापरासाठी’ ही ओळ तिथेही बारीकच असते.

सुटं, बिनलेबलचं तेल तर मुळीच नको. १९८१ साली स्पेनमध्ये कारखान्यांसाठी अ‍ॅनिलीन हे रसायन मिसळलेलं मोहरीवर्गीय तेल ‘ऑलिव्ह’ म्हणून दारोदार पाच-पाच लिटरच्या कॅनमधून विकलं गेलं. सुमारे २०,००० लोक आजारी पडले, शेकडो दगावले.

फ्रिजमध्ये गोठलं तर अस्सल, ही परीक्षा सोडून द्या. गोठणं ऑलिव्हच्या जातीवर आणि तेलातल्या मेणावर अवलंबून असतं. अस्सल तेल पातळ राहू शकतं, भेसळीचं गोठू शकतं. हिरवा रंगही बाहेरून घालता येतो. सराईत भेसळ प्रयोगशाळेतच कळते. जुनं, बिघडलेलं तेल मात्र जिभेला सापडतं. लहान वाटीत एक चमचा तेल घ्या, वर तळहात झाकून वाटी एक मिनिट मुठीत ऊबवा, हात काढून लगेच वास घ्या. कापलेलं गवत, कच्चा टोमॅटो, हिरवी पानं असं काहीतरी यायला हवं. मग घोट घेऊन हवा आत ओढा. जिभेवर कडवटपणा आणि गिळल्यावर घशात मिरीसारखी चुणचुण, कधी ठसकासुद्धा, हे चांगलं लक्षण; ती चुणचुण ओलिओकँथल या तेलातल्याच घटकाची. खवट खोबऱ्याचा किंवा आंबलेला वास आला तर लेबल काहीही म्हणो, ते एक्स्ट्रा व्हर्जिन उरलेलं नाही.

खवटपणाचं कारण बहुतेकदा दुकानातच असतं: पारदर्शक बाटली, डोक्यावर ट्यूबलाइट आणि दीड वर्ष पडून राहिलेला माल. भूमध्य समुद्राकाठी तोडणी मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी चालते. तोडणीची तारीख छापलेली असेल तर ती पाहा, नसेल तर पॅकिंगची. ‘एकावर एक’ बहुधा मुदत संपत आलेल्या मालावरच असतं. गडद काचेची ५०० मिलीची बाटली घ्या, गॅसशेजारी ठेवू नका, उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. एक्स्ट्रा व्हर्जिन फोडणीत घातलं तर बिघडत काही नाही, पण ज्या वासाचे पैसे मोजले तो मोहरीबरोबर उडून जातो. कोशिंबिरीवर, भाजलेल्या वांग्यावर तो टिकतो.

शंका आली तर तेल बरणीत ओतू नका. बॅच क्रमांक, आयातदाराचं नाव आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक बाटलीवरच असतो. बिल आणि त्याच बॅचची न उघडलेली बाटली जपून ठेवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, किंवा जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. फुटलेल्या सीलच्या बाटलीवर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: ‘घरी काय मिसळलं कुणास ठाऊक.’