सात माणसं, एक डिकी आणि छतावरची बॅग

आमची अर्टिगा सात जणांची आहे, पण ती सात जणांची आहे की सात जणांच्या सामानाची, हा प्रश्न कुणी विकत घेताना विचारत नाही. तिसरी रांग उघडी ठेवली की डिकी उरते २०९ लिटरची. म्हणजे दोन लहान ट्रॉली बॅगा उभ्या आणि त्यांच्या डोक्यावर एक सॅक. आणि आम्ही निघालो होतो साताऱ्याहून बदामी, तिथून हंपी, एकूण पाच दिवस: अण्णा आणि आई (म्हणजे सासरे आणि सासूबाई), नवरा, मी, नणंद आणि आमची दोन पोरं.

म्हणून ही छतावर बांधायची कापडी बॅग घेतली. ऑनलाइन, चार हजार आठशे रुपयांना. ४२५ लिटर, काळी, जाड ताडपत्रीसारखी, सोबत खाली अंथरायची जाळीदार रबरी चटई, सहा पट्टे आणि दाराच्या बीडिंगखाली पत्र्याच्या कडेला अडकवायचे हुक. गाडीला वर रेल नसली तरी चालते, हा तिचा पहिला मोठा गुण. दुसरं म्हणजे पट्टे गाडीच्या आतून ओवावे लागत नाहीत. आतून ओवलेल्या पट्ट्यावरून पावसाचं पाणी थेंबथेंब मांडीवर येतं, हे आम्ही पूर्वी एकदा उसन्या बॅगेने भोगलेलं आहे.

उघडल्या उघडल्या रबराचा असा उग्र वास आला की दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकावी लागली. सोबतचं कुलूप खेळण्यातलं आहे, त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

आता भरण्याबद्दल. बॅग चांगली की वाईट यापेक्षा ती कशी भरली यावर सगळं ठरतं, आणि हे कंपनीच्या कागदात कुठेही नाही. निघायच्या आदल्या शनिवारी हॉलमध्ये चटई टाकून सगळ्यांचं सामान पसरलं. नेहमीची पद्धत म्हणजे माणशी एक बॅग. तशीच भरली असती तर रोज संध्याकाळी हॉटेलसमोर नवऱ्याने पायरीवर चढून सातच्या सात बॅगा उतरवायच्या आणि सकाळी परत चढवायच्या. त्याऐवजी मी माणसांप्रमाणे पिशव्या न करता मुक्कामाप्रमाणे केल्या. बदामीच्या पिशवीत सातही जणांचे दोन दिवसांचे कपडे, हंपीच्या पिशवीत पुढचे. प्रत्येकाचे कपडे आत जुन्या उशीच्या अभ्र्यात, वर नाव लिहिलेली चिकटपट्टी. मुक्कामाला पोचलं की एकच पिशवी उतरवायची. नणंदेने "माझे कपडे अण्णांच्या धोतराशेजारी?" म्हणून नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवसापासून तीच सगळ्यांना पद्धत समजावून सांगत होती.

वर फक्त मऊ आणि हलकं: कपडे, पांघरुणं, टॉवेल, अण्णांची उशी (त्यांना दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही आणि त्यावर चर्चा होत नाही). जड ते सगळं खाली, डिकीत: पाण्याचा कॅन, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, चपलांची पिशवी, औषधांचा डबा. वजन वर गेलं की वळणावर गाडी झोकांड्या खाते. छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते वाचून मी ताणकाट्याला एकेक पिशवी अडकवून मोजली आणि एक ब्लँकेट परत कपाटात गेलं. बॅग अर्धवट रिकामी राहिली तर मात्र वाऱ्याने फडफडते, म्हणून उरलेल्या जागेत हवेच्या उशा कोंबल्या. छतावर चढल्यावर जमिनीपासून बॅगेच्या टोकापर्यंत टेप लावून मोजलं. दोन मीटर दहा सेंटिमीटर भरलं. तो आकडा चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवला. हंपीजवळच्या होसपेटच्या हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगशी पोचलो तेव्हा त्या चिठ्ठीनेच वाचवलं, गाडी बाहेर अंगणात लावली.

ओटीचं सामान मात्र वर गेलं नाही आणि डिकीतही नाही. बदामीजवळची बनशंकरी आमची कुलदेवी. जत्रा पौष पौर्णिमेला भरते, पण त्या गर्दीत आईंना उभं राहणं जमत नाही, म्हणून आम्ही आधीच जाऊन येतो. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू असलेली पितळी परात आईंच्या मांडीवर. "देवीची ओटी चपलांच्या शेजारी ठेवायची का गं?" या प्रश्नाला ४२५ लिटरमध्ये उत्तर नाही.

पहाटे पाचला निघालो. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पट्टे पुन्हा आवळा, असं कागदात लिहिलंय आणि ते खरंच करायला हवं. कराडला चहाला थांबलो तेव्हा पुढचे दोन पट्टे बोटभर सैल झालेले होते. कारण सामान बसतं, कपडे दबतात. शिवाय साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाची कामं चालू, त्यामुळे वळवलेल्या रस्त्यांवर भरपूर आदळआपट. त्यानंतर पुन्हा सैल झाले नाहीत.

आवाज. ऐंशीच्या पुढे गेलो की डोक्यावर भुंगा कोंडल्यासारखा घुंऽऽ आवाज. तासवडे नाक्यापासून किणी नाक्यापर्यंत आम्ही सगळे एकमेकांवर खेकसत होतो. किणीला नवऱ्याने एका ट्रक ड्रायव्हरला विचारलं, तर तो हसला आणि प्रत्येक पट्ट्याला मधे दोन पीळ दिले. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, पीळ दिला की थरथर मोडते. आवाज बंद. हे ज्यांनी बॅग बनवली त्यांना माहीत नसेल असं नाही, मग कागदावर एक ओळ छापायला काय झालं होतं?

निपाणी ओलांडून तवंदी घाटात बाजूचा वारा बऱ्यापैकी होता. बॅग तसूभर हलली नाही. इथे पूर्ण गुण. मायलेज मात्र पडलं: एरवी महामार्गावर अठराच्या आसपास मिळतं, या वेळी पंधरा-साडेपंधरा. सात माणसांचं वजन धरूनही बॅगेचा वाटा आहेच.

बेळगाव, यरगट्टी, लोकापूर करत दुपारी बदामी. वाटेत एका झाडाखाली दशम्या, लसणाची चटणी आणि दही. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या की दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, आणि पाच दिवसांत हॉटेलच्या बिलावर किती पैसे वाचले याचा हिशेब आई अजून सांगतात. खाण्याचे डबे मी कटाक्षाने आत ठेवले होते. छत उन्हात तापतं, वर ठेवलेलं खायचं दुपारपर्यंत आंबतं. निदान मला वाटत होतं, सगळे डबे आत आहेत.

दुसऱ्या दिवशी लेणी बघायला गेलो. लाल दगडात कोरलेली, तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा कोरीव लेख, अण्णा हरखून गेलेले. तासाभराने खाली उतरलो तर आमच्या गाडीवर पाच माकडं. एक मोठं बॅगेवर बसून वेलक्रोची पट्टी शांतपणे सोलत होतं, आपल्या बायका मटार सोलतात तशी. दोन पिल्लं पट्ट्याला लोंबकळत. बदामीची माकडं प्रसिद्ध आहेत हे सगळ्यांना ठाऊक, पण कपड्यांच्या बॅगेत त्यांना काय रस?

"आई, वर खायचं काही ठेवलंय का?"

"छे गं. उरलेली चकली तेवढी. आणि थोडा चिवडा. आत जागा नव्हती."

पार्किंगवाल्या मुलाने काठी आपटून माकडं हाकलली. झिपवरची झाकणपट्टी एका कोपऱ्यात उचकटली होती, पण कापड फाटलं नाही, पट्टा तुटला नाही, झिपही शाबूत. कापडाच्या मजबुतीचं याहून चांगलं प्रमाणपत्र मी देऊ शकत नाही.

देवीची ओटी भरली, देवळापाशी बायकांकडून ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी गजेंद्रगड, कुष्टगीमार्गे हंपीकडे. गजेंद्रगड येताच अण्णांनी १७८७ चा मराठे आणि टिपू यांच्यातला तह काढला. ते शाळेत इतिहास शिकवायचे. तहाच्या अटींपर्यंत पोचेतो पाऊस सुरू झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा तिकडचा पाऊस आपल्या परतीच्या सरीसारखा नाही, बादली उपडी केल्यासारखा. तासभर मी तह ऐकत होते आणि डोळ्यांसमोर ती उचकटलेली झाकणपट्टी.

होसपेटला बॅग उघडली. बॅगेवर "१०० टक्के वॉटरप्रूफ" असं ठळक छापलंय. कापड खरंच शंभर टक्के आहे. पण झिपच्या कोपऱ्यातून पाणी आत गेलं होतं आणि तळाला वाटीभर साचलं होतं. ओलं काय झालं? अण्णांची उशी, नणंदेचा सिल्कचा कुर्ता, पोराचा दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास. पोरगा एकटाच खूश.

घरी आल्यावर कंपनीला फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं: झिपचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं, पुढे असेल तर वेगात पाणी आत रेटलं जातं. आमचं पुढे होतं हे खरं, आणि माकडांचा भाग मी त्यांना कळवला नव्हता हेही खरं. पण झिप कुठल्या बाजूला ठेवायची हे त्यांच्या कागदात चित्रातसुद्धा नाही. शेवटी पुढच्या खरेदीवर पाचशे रुपयांचं कूपन दिलं. दुसरी बॅग घेऊन मी काय करू?

परतीच्या प्रवासाला होसपेटच्या बाजारातून कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या आणल्या, प्रत्येक पिशवी त्यात गुंडाळली, बॅग फिरवून झिप मागे केली. वाटेत पुन्हा सर आली, आत काही ओलं झालं नाही. पिशव्यांनी वाचवलं की झिपने, ते सांगता येणार नाही.

पाचपैकी साडेतीन. माझ्याच गाडीसारखी गाडी आणि सहा-सात माणसं असतील तर घ्या, चारच माणसं असतील तर तिसरी रांग पाडा आणि पैसे वाचवा. हंपीबद्दल इथे लिहीत नाही, ते वेगळं प्रकरण आहे.

बॅग सध्या माळ्यावर आहे. नणंदेला डिसेंबरात गुजरातला जायला हवी आहे. तिला दिली आहे असं मी म्हणाले, पण आईंनी आधीच बॅगेत चार रजया आणि अण्णांची ती वाळवलेली उशी भरून ठेवली आहे, आणि रिकामी कोण करणार यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.